बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचलेला दवाखाना

१९९५ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये एक नोंद सुरू झाली. दिसायला साधी, पण खेड्यात त्याआधी क्वचितच कुणी केलेली. गावात मूल जन्मलं की गावातलीच, थोडंफार शिकलेली आणि प्रशिक्षण घेतलेली एक बाई त्या घरी जायची. बाळाचं वजन करायची, ताप मोजायची, आईशी बोलायची आणि पुढचे २८ दिवस पुन्हा पुन्हा येऊन जे दिसेल ते लिहून ठेवायची. वर्षभरात अशा ७६३ बाळांची नोंद झाली. त्यातल्या ४८.२ टक्के बाळांना जिवावर बेतू शकेल असं काही ना काही दुखणं झालं होतं. डॉक्टरच्या नजरेखालून गेलेली बाळं होती २.६ टक्के. दवाखान्यात भरती झालेली ०.४ टक्के. आणि ४० बाळांनी महिनाही पुरा केला नाही.

आईबापांना काळजी नव्हती, असा निष्कर्ष शहरातला माणूस चटकन काढतो. तो चुकीचा आहे. तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणं त्या काळी घरीच होत, सुईणीच्या हातून. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नसत. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद. तालुक्याच्या गावी जायचं तर बैलगाडी, मग एसटी, सोबत कुणीतरी, त्याची बुडालेली मजुरी, आणि तिथे पोहोचल्यावर डॉक्टर भेटेलच याची खात्री नाही. शिवाय एवढ्याशा जिवाला कसलं औषध द्यायचं, तो जगला तर जगला, ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली हताशाही होतीच. आजाराची लक्षणंही फसवी. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की ते मोठ्या माणसासारखं कण्हत नाही. ते गप्प होतं, दूध ओढेनासं होतं, गार पडतं. घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय.

ही नोंद करणारी संस्था होती ‘सर्च’. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत तिची सुरुवात केली. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. १९९० साली त्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. गावातल्या कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून तिथल्या तिथे प्रतिजैविक दिलं, तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यातून दिसलं होतं. पण जन्मानंतरचा पहिला महिना त्या उपायालाही पुरेसा दाद देईना.

डॉ. अभय बंग यांनी एक प्रसंग अनेक ठिकाणी सांगितला आहे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन बायका एक आजारी बाळ घेऊन त्यांच्या घरी आल्या. तपासणी पुरी व्हायच्या आत ते बाळ दगावलं. नंतर त्यांनी त्या मरणाची कारणं मांडत नेली, तेव्हा दारिद्र्य, आईचं आजारपण, समजुती, पावसात अडलेली वाट अशी अठरा कारणं निघाली. अठरा कारणं दूर करायची तर कित्येक पिढ्या जातील. पण साखळीतली एखादी कडी जरी तुटली, तरी मरण टळू शकतं. बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचू शकत नाही ही ती कडी, आणि ती दुसऱ्या टोकानं तोडता येते. दवाखान्यातलं जे कौशल्य बाळाला वाचवतं, तेच बाळंतिणीच्या खोलीत न्यायचं.

त्यासाठी गावोगाव बायका निवडल्या गेल्या. नाव ठेवलं आरोग्यदूत. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या, रात्री-अपरात्री हाक मारली तर उठून येतील अशा. त्यांना आधी गरोदर बायकांची नोंद ठेवायला, मग घरी जाऊन बोलायला शिकवलं. बाळंतपणाच्या वेळी सुईणीसोबत हजर राहायचं. सुईणीनं आई सांभाळायची आणि आरोग्यदूतानं बाळ. बाळ रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर नळी आणि मुखवट्याच्या साध्या साधनानं त्याला श्वास द्यायचा. कमी वजनाच्या बाळाला ऊबदार पिशवीत गुंडाळायचं. मग पहिल्या आठवड्यात जवळपास दिवसाआड आणि पुढे आठवड्याला एकदा घरी जायचं, आणि बोलावणं आलं की केव्हाही.

सगळ्यात वादाचा भाग पुढचा होता. बाळाला रक्तातला जंतुसंसर्ग झालाय असं दिसलं आणि घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर आई-वडिलांच्या संमतीनं आरोग्यदूत स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलचं सिरप देत असे. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात नवजात बाळासाठी सिरिंज! बालरोगतज्ज्ञांना हे पचणं अवघड होतं, आणि त्यांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणून निदान नेमक्या लक्षणांना बांधलेलं होतं. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण होणं, दूध ओढणं मंदावणं, बाळ मलूल होणं, अंग तापणं किंवा गार पडणं, बेंबीत किंवा कातडीवर पू, पोट फुगणं किंवा सतत उलट्या, छाती आत ओढली जाणं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास. यातली कुठलीही दोन लक्षणं एकाच वेळी दिसली, तरच उपचार.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९९३ ते ९५ या काळात या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५ वर आलं. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४७ गावांत ते ५८ वरून ६० झालं होतं, म्हणजे जिथल्या तिथे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनहूनही कमी. एका बाळामागे खर्च आला सुमारे ५.३ डॉलर.

इंजेक्शनची गोष्ट लक्षात राहते, पण या भेटींनी बाकी जे केलं ते तितकंच मोलाचं आहे, आणि ते गरोदरपणापासून सुरू होतं. सातव्या-आठव्या महिन्यात घरी येणारी बाई आहार, लोहाच्या गोळ्या, धोक्याची लक्षणं यांवर बोलते तेव्हा ती एकट्या सुनेशी बोलत नाही. सासू निवडत-टिपत शेजारी बसलेली असते, नवरा दारात उभा असतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत सुनेच्या हातात कार्ड येतं. घरात मात्र, पोट भरून खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अवघड जाईल, ही समजूत ज्यांची आहे त्यांच्याशीच सरळ बोलता येतं. पहिला चीक काढून टाकायचा, दोन-तीन दिवस बाळाला मधाचं बोट किंवा साखरेचं पाणी द्यायचं, जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची, नाळेवर राख किंवा शेण लावायचं, असे रिवाज एका व्याख्यानानं जात नाहीत. विश्वासातली बाई चार-सहा वेळा येऊन गेली, की त्यातले बरेच हळूहळू सुटतात.

आज महाराष्ट्रात हे काम आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य यंत्रणेशी जोडलेल्या स्थानिक कार्यकर्त्या, करतात. एका भेटीत नेमकं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. घरात शिरल्यावर बांगड्या आणि घड्याळ काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे आणि पदराला न पुसता हवेत वाळू द्यायचे. आधी आईची चौकशी: ताप आहे का, रक्तस्राव किती, किती वेळा जेवलीस, बाळाला दिवसरात्रीत किती वेळा पाजलंस. मग बाळ शांत असतानाच, रडवायच्या आत, पोटावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे, कारण बाळाचा श्वास मुळातच कमीजास्त होत असतो. काखेत थर्मामीटर. डोळे, कातडीच्या घड्या, बेंबी. शेवटी झोळीच्या काट्यावर वजन. काट्यावर रंगीत पट्टे असतात, त्यामुळे बाळ धोक्याच्या वजनात आहे का हे आजीलाही दिसतं. बाळ अंगावर पाजताना आशाताई मुद्दाम बघत बसते. धरायची पद्धत चुकली असेल तर बाळाची हनुवटी स्तनाला टेकेल असं स्वतः धरून दाखवते. बाळाचं पोट भरत नाही, दूधच येत नाही, वरचं सुरू करू का, अशा कित्येक तक्रारी त्या पाच मिनिटांतच मिटतात.

या सगळ्यात यंत्र म्हणावं असं काहीच नाही. घड्याळ, थर्मामीटर, काटा आणि कशाकडे बघायचं ते पक्कं ठाऊक असलेली नजर.

गडचिरोलीचा हा प्रयोग तिथेच अडकून पडला नाही. ‘अंकुर’ या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी तो राबवला, आणि तिथेही नवजात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं पाच राज्यांत त्याची चाचणी घेतली. २००८ साली बांगलादेशातल्या सिल्हेटमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. घरभेटी झालेल्या भागात नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगढचा निकाल आला. तिथे इंजेक्शन नव्हतं. बाळाला उबेत ठेवणं, आईच्या अंगाशी धरणं, लगेच पाजणं, स्वच्छता एवढ्यावरच भर होता, आणि तरीही घट ५४ टक्के होती. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली.

भारत सरकारनं २०११ मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. सव्वा महिना संपून बाळंतीण घराबाहेर पडू लागते, साधारण तोवर या भेटी चालतात. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या पाच भेटी त्यात जोडल्या गेल्या. तेव्हा विषय वेगळे असतात: सहा महिन्यांनंतर वरचं अन्न कसं सुरू करायचं, लोहाचं सिरप, जुलाब झाले तर क्षारसंजीवनी, बाळाशी बोलणं आणि खेळणं.

सरकारनं घरभेट उचलली, सिरिंज मात्र मागेच ठेवली. आशाला इंजेक्शन देण्याची मुभा नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत, भरती करणं शक्यच नसेल तेव्हा, एएनएमनं, म्हणजे उपकेंद्रातल्या सहायक परिचारिकेनं, बाळाला जेंटामायसिन द्यावं अशी परवानगी केंद्रानं दिली. दवाखाना जवळ आणि रुग्णवाहिका हाकेसरशी येणारी असेल तिथे हे धोरण योग्यच. पण ज्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी पोहोचतच नाही, तिथे धोका ओळखण्याचं शिक्षण दिलेल्या बाईला उपाय न देणं म्हणजे तिला हातावर हात ठेवून पाहायला लावणं आहे. मेळघाट, भामरागड, अक्कलकुवा अशा भागांसाठी वेगळी वाट ठेवायला हवी होती.

आता एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली ३८.७ टक्के बाळंतपणं संस्थेत होत होती, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. महाराष्ट्रात तर हे प्रमाण आणखी जास्त आहे. मग घरभेटींची गरज उरली का? उरली. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी दोन-तीन दिवसांत, कधी त्याही आधी, आई-बाळ घरी येतात. श्वास न घेतल्यानं पहिल्या तासांत जाणारी बाळं दवाखाना वाचवतो. पण पाचव्या दिवशी दूध ओढेनासं झालेलं, दहाव्या दिवशी बेंबी पिकलेलं, पावणेदोन किलोचं आणि वजन न वाढणारं बाळ घरीच असतं. शहरातही निराळं नाही. मुंबईतल्या एखाद्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत पहिलटकरीण एकटी असते, माहेर धाराशिवला किंवा उत्तर प्रदेशातल्या बस्तीला, नवरा बारा तासांच्या पाळीवर. गावात निदान शेजारची काकू तरी डोकावते.

श्रीमंत देशांतही घरभेटी चालतात, पण तिथला प्रश्न बाळ जगेल का असा नसतो. अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गरिबीनं गांजलेल्या गावात ४०० बायकांवर एक अभ्यास सुरू केला. बहुतेक किशोरवयीन, अविवाहित किंवा गरीब, आणि सगळ्या पहिलटकरणी. काही जणींच्या घरी परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत जात राहिल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं, तेव्हा अशा घरांत मुलांची आबाळ आणि छळ यांच्या नोंदी जवळपास निम्म्यानं कमी होत्या. पुढे मेम्फिस आणि डेन्व्हरमध्येही चाचण्या झाल्या आणि हा कार्यक्रम अमेरिकेत दूरवर पसरला.

इंग्लंडनं तोच कार्यक्रम २००७ मध्ये आणला. २०१६ साली सुमारे १,६०० किशोरवयीन मातांवरच्या चाचणीचा निकाल आला आणि अनेकांची निराशा झाली. गरोदरपणातलं धूम्रपान, बाळाचं जन्मवजन, लगेच दुसरं गरोदरपण, मुलांना तातडीनं दवाखान्यात न्यावं लागणं, यांपैकी कशातच लक्षणीय फरक दिसला नाही. हा निकाल लपवण्यासारखा नाही, समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक बाळंतिणीला मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या भेटी आधीपासूनच मिळतात. त्यावर आणखी भेटींची भर घालून मोठा फरक पडणं अवघडच होतं. जिथे कुणीच दार वाजवत नाही, तिथे पहिल्या माणसाच्या येण्यानं सगळ्यात जास्त फरक पडतो. गडचिरोलीतल्या घसघशीत आकड्यांचं एक कारण हेही आहे.

आईच्या मनाचं काय? आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी मिळते, तेलपाणी होतं, पण ती उगाच रडते तेव्हा ‘नजर लागली’ किंवा ‘नाटकं करते’ यापलीकडे बोलणं जात नाही. याचं सर्वांत चांगलं उदाहरण पाकिस्तानातलं आहे. रावळपिंडी भागातल्या खेड्यांत मानसोपचारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना, म्हणजे आपल्या आशांसारख्या बायकांना, नैराश्य आलेल्या गरोदर बायकांशी ठरावीक पद्धतीनं बोलायला शिकवलं. निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नेहमीच्याच भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या, शिकवलेल्या कार्यकर्त्या गेल्या त्या गटात २३ टक्के. त्या कार्यकर्त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. त्या बाळाच्या तब्येतीच्या निमित्तानं घरात शिरत, त्यामुळे सासूचीही हरकत नसे. आपल्याकडच्या सहा भेटींत हे प्रश्न नियमानं विचारले जायला हवेत.

अर्थात, भेट कागदावर झाली की तिची ताकद संपते. आशांकडे आज लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, मलेरिया, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी अशी कामांची रास आहे. करोनाच्या काळात त्याच दारोदार फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या. मार्चमध्ये राज्य सरकारनं मानधनात दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली. एवढ्यासाठीही त्यांना रस्त्यावर यावं लागलं, ही गोष्ट राज्याला शोभणारी नाही.

बाळंतपण झालेल्या घरानं काही गोष्टी जरूर कराव्यात. गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताईला पहिल्याच दिवशी निरोप द्यावा. ती आली की हात धुवायला पाणी द्यावं आणि घाईत परत पाठवू नये. श्वास मोजलेत का, वजन वाढलं का, हे तिला आवर्जून विचारावं, आणि भेट न होताच तिच्या फॉर्मवर सही करू नये. तिचा हिशोबही माहीत असू द्यावा: २०११ च्या सूचनांनुसार पूर्ण सहा भेटींसाठी तिला मिळणारा मोबदला आहे २५० रुपये. एका भेटीमागे ४२ रुपयांहूनही कमी.